हेरवाडकर सरांची तोंडी

रंगराव इंगवले प्रयोगशाळेतून बाहेर आला, व्हरांड्याच्या पायरीवर बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. सहा फुटांचा देह, तालमीत कमावलेले खांदे. तो असा मध्येच बसल्यावर पायऱ्यांची निम्मी वाट बंद झाली. येणारी-जाणारी पोरं मुकाट्यानं भिंतीला घासून जायला लागली.

“काय झालं रे?” मी विचारलं.

तो काहीतरी पुटपुटला. मी त्याच्यासमोर उकिडवी बसले आणि त्याचे हात तोंडावरून बाजूला केले.

“आता सांग.”

“गेलं,” तो म्हणाला. “याही वर्षी गेलं.”

देवानं रंगरावला देह देताना हात सैल सोडला होता आणि आवाज देताना एकदम आखडता घेतला होता. हजेरीला तो ‘येस सर’ म्हणायचा, ते त्याच्या शेजारच्याला मोठ्यानं परत म्हणावं लागायचं.

ही गोष्ट कोल्हापूरची. आम्ही एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो, विषय प्राणिशास्त्र. त्या दिवशी माशांची प्रात्यक्षिक परीक्षा होती. अर्धा वर्ग सकाळी, अर्धा दुपारी. मी दुपारच्या बॅचला. दुसऱ्या विद्यापीठातून परीक्षक आले होते, डॉ. विश्वनाथ हेरवाडकर. माशांच्या वर्गीकरणातलं मोठं नाव. कृष्णेपासून कावेरीपर्यंत नद्या पालथ्या घालून त्यांनी मासे गोळा केलेले. आमचे विभागप्रमुख दाभोळे सर त्यांचे लेख आम्हाला वाचायला देताना हात धुऊन घ्यायला सांगायचे. पोरं मात्र त्यांना ‘हेर’ म्हणायची. तोंडी परीक्षेत ते माणसाला उभा चिरतात अशी त्यांची ख्याती. गेल्या वर्षी त्यांनीच रंगरावला तोंडीत नापास केलं होतं, म्हणून तर हा गडी आमच्या वर्गात येऊन पडलेला.

आणि माशांतलं त्याच्याइतकं आमच्यात कुणालाच कळत नव्हतं.

त्या परीक्षेत एक ठरलेला प्रयोग असे. शिंगटी, म्हणजे नदीतला तो मिशाळ, बिनखवल्यांचा मासा, घ्यायचा आणि त्याच्या मानेच्या मणक्यांजवळची चार इवली हाडं न मोडता काढायची. सगळ्यात मोठं हाड नखाच्या कडेएवढं, सगळ्यात लहान तिळापेक्षा बारीक. माशाच्या पोटात हवेची पिशवी असते, वाताशय. पाण्यातून आवाज आला की ती पिशवी थरथरते आणि ही हाडं एकमेकांना ढकलत ती थरथर कानापर्यंत नेतात. वेबर नावाच्या जर्मन पंडितानं त्यांचा अभ्यास केला म्हणून ती वेबरची हाडं. मी पहिल्यांदा काढायला गेले तेव्हा दोन मोडली आणि एक चिमट्यातून उडून जे गेलं ते काही सापडलं नाही. मला ती काढायला शिकवली रंगरावनं. पंजे पैलवानाचे, पण सुई हातात घेतली की सोनार बसलाय असं वाटायचं.

“त्यांनी विचारलं तरी काय?” मी म्हणाले.

“रोहू आणि शिंगटी. रोहूला अंगभर खवले, शिंगटीला नुसतं कातडं. दोघं एका गटात कसे, म्हणून.”

“अरे, हे तर तूच मला शिकवलंस! हाडांचं सांगितलं नाहीस?”

“सांगितलं की. ते म्हणाले, काय? परत सांगितलं. परत म्हणाले, काय? मग मला वाटलं, आपलंच चुकलं. म्हणून मग कवटीचं सांगायला लागलो. तर म्हणाले, आधी एक सांगता, मग दुसरं; तुम्हाला स्वतःचं मत आहे की नाही?” त्यानं मान खाली घातली. “मग माझं तोंडच मिटलं बघ.”

तेवढ्यात प्रमोद शेणोलीकर शीळ घालत बाहेर आला. हा आमच्या कॉलेजच्या नाटकांतला नायक. शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज.

“मस्त झाली!” तो म्हणाला. “मरळीला पण ही हाडं असतात म्हणून ठोकून दिलं. सर म्हणाले, साफ चूक. पण पुढचे प्रश्न सोपे होते. माणूस बरा आहे रे, उगाच घाबरवता तुम्ही.”

मरळीला ती हाडं नसतात हे पहिल्या महिन्यात शिकवतात. रंगरावनं प्रमोदकडे बघितलं, आणि त्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं.

“मी जातो,” तो उठत म्हणाला. “थोरल्या भावानं सांगितलंय, या वेळी नाही जमलं तर गुऱ्हाळ बघ. दुपारची गाडी आहे.”

“निकाल तरी लागू दे.”

“लागला की,” तो म्हणाला आणि खांदे पाडून वसतिगृहाकडे गेला.

दुपारी आम्ही आत गेलो. फॉर्मॅलिनचा वास, पांढऱ्या ट्रेमध्ये शिंगट्या, आणि दारापाशी आमचा शिपाई गणपा मामा, सुतकी चेहऱ्यानं. हेरवाडकर सर खिडकीशी उभे राहून बाहेर पाहत होते. उंच, सडपातळ, पांढरा बुशशर्ट, केस मागे वळवलेले. मी दोनदा चिमटा खाली ठेवला आणि दोनदा उचलला. मग रंगरावनं शिकवलं होतं तसं श्वास सोडून सुई चालवली. एक हाड आलं, मग दुसरं. चौथं, सगळ्यात बारकं, काचेवर ठेवलं तेव्हा मला घाम फुटला होता.

“सर, चहा आलाय,” दाभोळे सर मागून म्हणाले.

हेरवाडकर सर बाहेरच पाहत राहिले.

“सर, चहा,” दाभोळे सर थोडं मोठ्यानं म्हणाले. मग घसा खाकरला. मग आणखी एकदा म्हणाले. हेरवाडकर सरांची पाठ हलली नाही. शेवटी गणपा मामा ट्रे घेऊन वळसा घालून त्यांच्या बाजूला खिडकीशी गेला तसे सर एकदम दचकले आणि मग गोड हसले. “अरे वा, चहा!”

दाभोळे सरांनी आमच्याकडे बघून भुवया उंचावल्या. म्हणजे बघा, विद्वानांची तंद्री कशी असते.

चहा पिऊन सर टेबलांवरून फिरायला लागले. माझ्यापाशी आले.

“नाव?”

“कुमुद डाके.”

त्यांनी मान हलवली. पण मी बोलताना त्यांची नजर माझ्या डोळ्यांवर नव्हती. ओठांवर होती. आणि ती नजर मी जन्मापासून ओळखत होते.

मी इचलकरंजीची. आमच्या घरामागच्या खोलीत चार यंत्रमाग होते आणि माझे वडील, आप्पा, ते चालवायचे. मागाच्या खोलीत आवाज चढवून काही उपयोग नसतो. सूत नेणारा धोटा एकदा इकडून तिकडे धावायला लागला की शेजारी उभ्या माणसाची हाकसुद्धा पोचत नाही. म्हणून तिथली माणसं ओठांनी बोलतात. समोर येतात, उजेडात उभी राहतात, शब्द पुरते तोंडात धरून सोडतात, आणि जोडीला बोटं असतात. पुढं पुढं कान जातात. आप्पांचे गेले होते. पण आमच्या घरात त्याचं कुणाला काही वाटलं नाही. आप्पांशी बोलायचं तर समोर जायचं, एवढं बाळपणीच कळायचं.

मी सरांच्या तोंडी परीक्षेच्या टेबलाकडे पाहिलं. विद्यार्थ्याची खुर्ची मोठ्या खिडकीकडे पाठ करून ठेवलेली होती. समोर सरांची खुर्ची. म्हणजे सकाळपासून सरांसमोर बसलेल्या प्रत्येकाचा चेहरा काळा. मागून लखलखीत उजेड, आणि समोर नुसती आकृती. त्या आकृतीचे ओठ त्यांना दिसणार कसे? ज्याचा आवाज शेणोलीकरचा, तो पार. ज्याचा आवाज इंगवलेचा, तो बुडाला.

माझा नंबर आला. मी काचपट्टी हातात घेऊन टेबलापाशी गेले. बाजूच्या खुर्चीत दाभोळे सर गुणांचा कागद घेऊन बसले होते.

“सर, खुर्ची जरा इकडे घेऊ?”

“काय?” हेरवाडकर सर म्हणाले.

जवळून ऐकल्यावर त्या ‘काय’मध्ये मला दरडावणी सापडली नाही. मी खुर्ची उचलली आणि टेबलाच्या आडव्या बाजूला ठेवली, उजेड सरळ माझ्या तोंडावर येईल अशी. सरांना त्यांची खुर्ची वळवावी लागली.

“डाके, काय चाललंय हे?” दाभोळे सर अर्धवट उठले.

“हाडं उजेडात चांगली दिसतील,” मी म्हणाले. पण म्हणाले ते हेरवाडकर सरांकडे बघून, घरी बोलते तसं. आवाज न चढवता, ओठ पुरते उघडून.

सर माझ्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “हो. दिसतील.”

काचपट्टी त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली धरली. “चारही आहेत. अखंड. कुणी शिकवलं?”

“वर्गातल्या एका मुलानं.”

“बरं. मग सांगा. रोहू घ्या, शिंगटी घ्या, आणि ओढ्यात दगडाला चिकटून बसणारा बोटभर मासा घ्या. तिघांची तोंडं तीन दिशांना. यांना एका घरात कुणी कोंबलं?”

“या हाडांनी, सर. तिघांत चारही आहेत, त्याच मणक्यांपासून झालेली, त्याच क्रमानं.”

“आणि वाम? तिचेही खवले डोळ्यांना दिसत नाहीत, तीही चिखलात राहते. तिला का बाहेर ठेवलंत?”

“तिला ही हाडं नाहीत. आणि तिच्या पाठीवर काट्यांची रांग आहे. दिसते सापासारखी, पण तिचं माहेर मरळीच्या बाजूचं.”

सरांच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. “म्हणजे दिसण्यावर जायचं नाही?”

“दिसणं पाण्यावर ठरतं, सर. चिखलात राहिला की लांबडा होतो, धारेत राहिला की दगडाला चिकटायला शिकतो. दोन परके मासेसुद्धा एका चिखलात राहून सारखे दिसायला लागतात. ही हाडं तशी नाहीत. ती वाडवडिलांकडून आलेली.”

“पण समजा, मी म्हटलं, ती रोहूत वेगळी तयार झाली आणि शिंगटीत वेगळी. दोनदा. मग?”

“एखादं हाड योगायोगानं सारखं निघालं असतं तर मानलं असतं. चार हाडं, एका ओळीत, एकमेकांना अशी अडकलेली? त्यांचा पणजोबा एकच असणार.”

“दक्षिण अमेरिकेत विजेच्या लहरी सोडणारे मासे आहेत. सुरीसारखे.”

“त्यांनाही आहेत. तेही आपल्या शिंगटीचे भाऊबंद. मधे समुद्र आला म्हणून नातं तुटत नाही.”

सर आता पुढे सरकून बसले होते. दाभोळे सर एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होते. त्या दिवशी हा माणूस पहिल्यांदाच मजेत दिसत होता.

“माणसाच्या कानातही तीन हाडं असतात,” सर म्हणाले. “मग आपण शिंगटीचे कोण लागतो?”

“त्या हाडांच्या नात्यानं कुणीच नाही. माशाची हाडं मणक्यांतून आणि बरगडीतून आली. आपली आली ती जबड्याकडून. काम एकच, पण घराणी वेगळी.”

सर मोठ्यानं हसले. मग हसू ओसरलं. त्यांनी काचपट्टी बोटानं थोडी सरकवली.

“आणि ही हाडं बिघडली तर?”

हा प्रश्न अभ्यासक्रमात नव्हता.

“माशाची, सर?”

त्यांनी नजर काचपट्टीवर आणली. “माशाचीच.”

“तर पिशवी थरथरते, पण थरथर कानापर्यंत नीट पोचत नाही,” मी म्हणाले. “मासा कमी ऐकतो. मग तो बाकी सगळ्याकडे जास्त लक्ष ठेवत असेल.”

दाभोळे सर रिकाम्या कपात चमचा फिरवत होते.

“तुम्ही कुठल्या?”

“इचलकरंजीची.”

“घरी माग?”

“हो. वडील चालवतात.”

“त्यांना… ऐकू येतं?”

“मागून हाक मारली तर नाही. समोर उजेडात उभं राहिलं तर सगळं.”

सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मला तिथंच उठायला हवं होतं. माझी तोंडी चांगली झाली होती, उत्तम झाली होती, आणि परीक्षकाला त्याचं दुखणं दाखवून देणारी विद्यार्थिनी कुठल्याच विद्यापीठाला आवडत नाही. पण माझ्या डोळ्यांसमोर ते पडलेले खांदे येत होते.

सरांनी चष्मा लावायची मी वाट पाहिली. मग म्हणाले, “सर, ही हाडं काढायला ज्यानं शिकवलं तो सकाळी तुमच्यासमोर बसला होता. इंगवले. त्याचा आवाज फार लहान आहे. आणि तो खिडकीकडे पाठ करून बसला होता.”

सरांचा चेहरा दार लावावं तसा बंद झाला.

“तुमची परीक्षा संपली,” ते म्हणाले. “या तुम्ही.”

मी बाहेर आले आणि सकाळी रंगराव बसला होता त्याच पायरीवर बसले. आत बाकीच्यांच्या तोंडी थांबल्या होत्या. दार लोटलेलं. दाभोळे सरांचा दबका आवाज येत होता, हेरवाडकर सरांचा येत नव्हता. शेजारी बसलेली मुलगी म्हणाली, “काय केलंस काय तू?” मी म्हणाले, “खुर्ची हलवली.” तिला ते पटलं नाही.

मग दार उघडलं आणि दाभोळे सर बाहेर आले. त्यांचा आवाज चिरका झाला होता.

“सकाळच्या बॅचला बोलवा! सगळ्यांच्या तोंडी परत होणार. अजून गुणांचा कागद पाकिटात गेलेला नाही. पहिल्यांदा इंगवले. इंगवले कुठं आहे?”

इंगवले एस.टी. स्टँडवर होता.

गणपा मामाची सायकल भिंतीला टेकलेली होती. मी विचारलं की नाही ते आठवत नाही. मामा पुढं कितीतरी दिवस म्हणायचा की नाही. साडीचा पदर कमरेला खोचला आणि उतारावरून सुटले. स्टँडमध्ये शिरले तर त्याच्या गावाकडची, मलकापूरची गाडी फलाटावरून मागं निघालेली. इंजिन धडधडतंय, वाहक शिट्टी मारतोय, लोक ओरडतायत. आणि खिडकीशी, मांडीवर ट्रंक घेऊन, रंगराव.

मी हाक मारली. माझीच हाक मला ऐकू आली नाही. तेव्हा मी सायकल टाकून गाडीच्या पुढ्यातून पळत त्याच्या खिडकीसमोर आले आणि ओठ पुरते उघडून, बिनआवाजाचं, बोलले: खाली उतर. सर बोलावतात. परत परीक्षा.

रंगराव माझ्या तोंडाकडे बघत राहिला. बघता बघता त्याचे डोळे मोठे झाले. तो उठला तो वरच्या फळीला डोकं आपटूनच. मग वाहकानं घंटी मारायची वाटसुद्धा त्यानं बघितली नाही. चालत्या गाडीतून ट्रंकेसकट उतरला आणि ड्रायव्हरनं त्याच्या सगळ्या खानदानाचा उद्धार केला.

परत येताना चढ होता. सायकल त्यानं चालवली. मी मागं, मांडीवर ट्रंक.

“नीट ऐक,” मी त्याच्या कानाशी ओरडले. “आवाज मोठा काढायचा नाही. तुला येतच नाही तो. ओठ उघडायचे. एकेक शब्द चावून टाकायचा. आणि खुर्ची उजेडात.”

“का पण?”

“सरांना कमी ऐकू येतं.”

तो एवढा थांबला की सायकल मागं यायला लागली.

“म्हणजे ते ‘काय’…”

“ते ‘काय’ म्हणजे नुसतंच ‘काय’. ऐकू आलं नाही, एवढंच. चल आता.”

मग राजारामपुरीच्या चढावरून एक पैलवान, मागं ट्रंक धरलेली पोरगी, तोंड आ करकरून ‘वा-ता-शय’, ‘म-णका’ असं हवेत बोलत चाललाय, हे ज्यांनी पाहिलं त्यांनी आमच्याबद्दल काय ते ठरवलं असणार.

तो आत गेला. आम्ही सगळे व्हरांड्यातल्या खिडकीला चिकटलो. काही ऐकू येत नव्हतं. पण दिसत होतं. रंगराव उजेडात बसला होता आणि बोलत होता. सुरुवातीला चाचरत, मग हात बाहेर आले. त्याच्या त्या मोठ्या पंज्यांनी त्यानं हवेत एक मासा धरला, त्याची मान दाखवली, चार बोटं एकामागं एक अडकवून थरथर कशी पुढं जाते ते दाखवलं. हेरवाडकर सर पुढं वाकले. त्यांनीही स्वतःची चार बोटं अडकवली. मग दोघंही काही वेळ तशीच बोटं हलवत बसले, आणि एकाएकी सरांनी टेबलावर थाप मारली. दाभोळे सरांचा कप पडला.

सगळ्यांच्या तोंडी परत झाल्या. शेणोलीकरचीसुद्धा, त्याला या वेळी मरळीचं बरोबर आलं. संध्याकाळी सर बाहेर आले, आमच्यासमोर उभे राहिले. दिवसभर जो माणूस आमच्यावर नजर रोखून बघतोय असं आम्ही समजत होतो, तो नुसता आमचं बोलणं शोधत होता, हे तेव्हा सगळ्यांनाच कळलं असावं.

“गेल्या वर्षी या कॉलेजात मी तोंडीत किती जणांना नापास केलं?” सरांनी दाभोळे सरांना विचारलं.

दाभोळे सर समोर आले. खुर्चीचा धडा त्यांनीही घेतला होता. “एकच, सर.”

“कोण तो? त्याला मला भेटायचंय.”

रंगरावनं हात वर केला. “मीच, सर.”

सर हसायला लागले आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. “आणि बाकीच्या कॉलेजांत?” ते म्हणाले. “ते माझं मी बघतो.” त्यांनी ते बघितलंही. आणखी दोन ठिकाणी तोंडी परत घेतल्याचं पुढं आमच्या कानावर आलं.

जाताना ते माझ्याकडे वळले. “हे मी घरीसुद्धा बोललो नाही अजून,” ते म्हणाले. “बायकोला वाटतं मी तिच्याकडे लक्ष देत नाही. तुमच्या वडिलांना उद्या वेळ असेल का हो?”

दुसऱ्या दिवशी मी सरांना घेऊन इचलकरंजीला गेले. रंगरावही आला. का, ते मी विचारलं नाही. सरांची पिशवी कुणीतरी धरायला हवी, असं तो म्हणाला. पिशवीत एक टॉवेल होता.

आप्पांनी सरांना थेट मागाच्या खोलीत नेलं. चारही माग चालू होते. मला वाटलं सरांना त्रास होईल, पण ते दारातच थबकले आणि आजूबाजूला बघत राहिले. शेजारचे दोन विणकर सुताच्या कांड्या बदलता बदलता या टोकावरून त्या टोकाला बोलत होते, हसत होते. इथं कुणालाच काही ऐकू येत नव्हतं आणि सगळ्यांचं बोलणं चाललं होतं.

आप्पा त्यांच्या समोर आले. “या,” ते ओठांनी म्हणाले. “बसा.”

“लोकांना कसं सांगता तुम्ही?” सरांनी विचारलं.

“सांगायचं काय त्यात? म्हणायचं, समोर या.”

“लाज नाही वाटली?”

“पहिल्यांदा वाटली. मग बायको समोर येऊन बोलायला लागली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तोवर एवढं तिच्या तोंडाकडं कधी बघितलं नव्हतं.”

दारात उभ्या माझ्या आईनं ते ओठांवरून वाचलं आणि लाजून आत गेली. सर इतके हसले की शेजारचे विणकर माग थांबवून बघायला लागले. त्यानंतर ते दोघं जेवायची वेळ होईपर्यंत बोलत होते. मी मधेमधे बघत होते, पण एका बाजूनं सगळं वाचता येत नाही, आणि ते माझ्यासाठी बोलतही नव्हते.

सरांना दुपारच्या गाडीत बसवून मी आणि आई घरी आलो तेव्हा रंगराव मागाच्या खोलीतच होता. आप्पांच्या समोर उभा राहून, ओठ उघडून, हात हलवत तो काहीतरी सांगत होता. मी त्याला एका दमात इतकं बोलताना कधी पाहिलं नव्हतं. आप्पा मान डोलवत होते.

रात्रीच्या जेवणाआधी तो गेल्यावर आप्पांनी मला समोर बोलावलं.

“पोरगा चांगला आहे,” ते म्हणाले. “बोलतो किती स्पष्ट. अक्षर न् अक्षर कळतं. आवाज दणदणीत असणार त्याचा.”

मी आईकडे बघितलं. आईनं पदर तोंडाला लावला.

रंगराव मत्स्यखात्यात लागला. आमच्या लग्नाला दोन्ही घरांतून व्हायची ती कुरकुर झाली आणि लग्न झालं. आप्पा मात्र शेवटपर्यंत सगळ्या गल्लीला सांगत राहिले की जावयाचा आवाज म्हणजे नुसता नगारा. आणि गल्लीत निम्म्याहून जास्त मागवालेच असल्यामुळं, ते खोटं आहे असं कुणी म्हणालं नाही.